सरफोजी भोसले (दुसरे)

सरफोजी राजे भोसले, दुसरे (२४ सप्टेंबर १७७७ – ७ मार्च १८३२) हे तंजावरच्या मराठा राजघराण्यातील राजे होते. त्यांनी १७९८ ते १८३२ या काळात राज्य केले. तमिळ व संस्कृत लेखनात त्यांचा उल्लेख शरभोजी किंवा शरभेंद्र असा येतो. सरस्वती महाल ग्रंथालयाचे संवर्धक, देवनागरी मुद्रणाचे आद्य पुरस्कर्ते, वैद्यकाचे जाणकार आणि अन्नछत्रांचे पालक म्हणून ते ओळखले जातात. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या 'शरभेंद्र पाकशास्त्र' या ग्रंथात तंजावरच्या राजवाड्यातील मराठा, ब्राह्मणी आणि इंग्रजी अशा तिन्ही धाटणीच्या स्वयंपाकाची नोंद आहे. त्यामुळे मराठी खाद्यपरंपरेच्या इतिहासातही त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

गादीवर आल्यानंतर अवघ्या सव्वा वर्षात त्यांच्या हातून राज्यकारभार गेला. पुढील सुमारे ३२ वर्षे ते नावाचे राजे होते. या काळात त्यांनी ग्रंथालय, शाळा, दवाखाना, मुदपाकखाना आणि छत्रे यांकडे लक्ष पुरवले. सैन्य व सत्ता नसलेल्या राजाला प्रजेसाठी काय करता येते, याचे उदाहरण म्हणून त्यांच्या चरित्राकडे पाहिले जाते.

घराण्याची पूर्वपीठिका

तंजावरचे भोसले मूळचे महाराष्ट्रातील. सरफोजींचे पूर्वज मालोजीराजे भोसले यांना इंदापूर येथील लढाईत वीरमरण आले, अशी परंपरा आहे. त्यांच्या नावाची गढी इंदापुरात आहे. मालोजींचे पुत्र शहाजीराजे यांच्या जहागिरीत पुणे, सुपे, इंदापूर व चाकण हे परगणे होते. यांपैकी सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तर इंदापूर हे पुणे जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे.

शहाजीराजांच्या द्वितीय पत्नी तुकाबाई या मोहिते घराण्यातील होत्या. त्यांचे बंधू संभाजी मोहिते हे शहाजीराजांच्या वतीने सुपे परगण्याचा कारभार पाहत. शिवाजी महाराजांनी सुपे ताब्यात घेतल्यावर त्यांची रवानगी कर्नाटकात शहाजीराजांकडे झाली. तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि तेथे भोसले घराण्याची गादी स्थापन केली. बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू, ज्वारी-बाजरीच्या मुलखाशी नाते असलेले हे घराणे अशा रीतीने कावेरीच्या भातखाचरांत जाऊन वसले. त्यांच्याबरोबर गेलेले सरदार, कारकून, शास्त्री, कीर्तनकार व आचारी यांनी आपली बोली आणि आपले जेवणही सोबत नेले.

अन्नविषयक लेखनाची परंपरा या दरबारात आरंभापासून होती. व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांच्या आश्रयाने रघुनाथ गणेश नवहस्त या पंडितांनी 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचला. धान्ये, भाज्या, पक्वान्ने, त्यांचे गुणदोष आणि भोजनाचे नियम यांचा विचार त्यात आढळतो. पदार्थांची देशी नावेही ग्रंथकाराने दिली आहेत. सरफोजींच्या काळातील पाकशास्त्राकडे याच परंपरेचा पुढचा टप्पा म्हणून पाहता येते.

बालपण व दत्तकविधान

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले घराण्याच्या एका शाखेत झाला. त्या वेळी तंजावरचे राज्य संकटात होते. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या मदतीने ते जिंकले होते आणि १७७६ मध्ये ते तुळजाजी राजांना परत मिळाले होते. पाठोपाठ हैदरअलीची स्वारी झाली. १७८१ च्या सुमारास त्याच्या सैन्याने तंजावरचा सुपीक प्रदेश उद्ध्वस्त केला. कालवे फुटले, पिके जळाली आणि दुष्काळ पडला. दक्षिणेचे धान्याचे कोठार म्हणून ख्याती असलेल्या या मुलखात माणसे अन्नावाचून मेली. सरफोजींच्या जीवनातील पहिली वर्षे या काळात गेली.

तंजावरात त्या वेळी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे जर्मन धर्मोपदेशक राहत असत. तरंगमबाडी (ट्रांकेबार) येथील डॅनिश मिशनमार्फत ते १७५० मध्ये भारतात आले होते. दुष्काळात त्यांनी आगाऊ साठवलेला तांदूळ गरिबांना वाटला. किल्ल्यातील शिबंदीला धान्य मिळेनासे झाले, तेव्हा शेतकऱ्यांनी दरबाराच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. मात्र श्वार्ट्झ यांनी पैशाची हमी देताच बैलगाड्या किल्ल्यात येऊ लागल्या.

तुळजाजींना वारस उरला नव्हता. त्यांनी जानेवारी १७८७ मध्ये सरफोजींना दत्तक घेतले आणि त्यांचा सांभाळ श्वार्ट्झ यांच्यावर सोपवला. त्यानंतर लवकरच तुळजाजींचे निधन झाले. सरफोजी त्या वेळी नऊ वर्षांचे होते.

वारसावाद व शिक्षण

तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी दत्तकविधानाला हरकत घेतली. कंपनीने पंडितांचा अभिप्राय मागवला. तो दत्तकाच्या विरुद्ध गेल्याने अमरसिंहांना गादी मिळाली. या काळात बाल सरफोजींना राजवाड्यात कोंडल्यासारखे ठेवण्यात आले आणि त्यांच्या शिक्षणाची आबाळ झाली. श्वार्ट्झ यांनी मद्रास सरकारकडे याबाबत वारंवार तक्रारी केल्या. अखेर १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला नेण्यात आले. तेथे विल्हेल्म गेरिके या लुथेरन धर्मोपदेशकांच्या देखरेखीखाली त्यांनी इंग्रजी, गणित, भूगोल इत्यादी विषयांचा अभ्यास केला. युरोपीय गुरूंच्या सहवासात वाढूनही त्यांनी धर्मांतर केले नाही. आयुष्यभर ते निष्ठावंत शिवभक्त राहिले.

दत्तकविधानाचा प्रश्न पुन्हा तपासण्यात आला. ठिकठिकाणच्या पंडितांची मते घेतल्यावर दत्तक शास्त्रसंमत असल्याचा निर्णय झाला. निर्णयाचे फळ पाहण्यास श्वार्ट्झ राहिले नाहीत. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी त्यांचे निधन झाले. सरफोजींनी त्यांच्या समाधिशिलेसाठी स्वतः इंग्रजीत कविता लिहिली आणि तीत अनाथांचा व विधवांचा आधार म्हणून त्यांचे स्मरण केले. पुढे त्यांनी इंग्लंडमधील शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ आणि त्यांच्या भेटीस आलेले तरुण राजे, असे दृश्य त्यात कोरलेले आहे. हे स्मारक तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

राज्यारोहण आणि १७९९ चा तह

२९ जून १७९८ रोजी सरफोजींचे राज्यारोहण झाले. २५ ऑक्टोबर १७९९ रोजी कंपनीशी झालेल्या तहान्वये तंजावरच्या राज्याचा मुलकी व न्यायविषयक कारभार कंपनीकडे गेला. राजांना दरसाल एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा मिळावा असे ठरले. त्यांची सत्ता तंजावरचा किल्ला आणि त्याच्या परिसरापुरती उरली. त्या वेळी ते २२ वर्षांचे होते.

या तहामुळे राजांची मानमरातब टिकली, पण सारा वसूल करणे, न्याय देणे, सैन्य राखणे ही राजाची पारंपरिक कर्तव्ये संपली. धर्मादाय, विद्या आणि आतिथ्य ही कर्तव्ये मात्र तहात कोणी मागितली नव्हती. सरफोजींनी आपल्या उत्पन्नाचा मोठा भाग त्यांवर खर्च केला.

छत्रे व अन्नदान

तंजावरच्या राजांनी व राण्यांनी रामेश्वरच्या यात्रामार्गावर अनेक छत्रे बांधली होती. छत्र म्हणजे यात्रेकरूंच्या मुक्कामाची व भोजनाची धर्मार्थ जागा. महाराष्ट्रात अन्नछत्र किंवा सदावर्त या नावाने ही संस्था परिचित आहे. तंजावरच्या छत्रांना गावे व जमिनी इनाम होत्या आणि त्यांच्या उत्पन्नावर त्यांचा खर्च चाले. नीडामंगलम येथील यमुनांबा छत्र हे सरफोजींच्या पूर्वीच्या छत्रांपैकी एक होय. सरफोजींनी १८०२ मध्ये ओरत्तनाडु येथे मुक्तांबा छत्र उभारले. अकाली निधन पावलेल्या त्यांच्या प्रिय सहचारिणी मुक्तांबा यांचे नाव त्याला देण्यात आले. येथे भोजनशाळेबरोबर अनेक भाषा शिकवणारी पाठशाळाही होती.

राज्यकारभार कंपनीकडे गेल्यावर छत्रांच्या जमिनींचे भवितव्य अनिश्चित झाले. या संदर्भात सरफोजींनी १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना सविस्तर पत्र पाठवले. छत्रांची ही व्यवस्था पूर्वजांपासून चालत आली असून ती मोडू नये, अशी त्यामागील भूमिका होती. छत्रांचे प्रत्यक्ष कामकाज समजण्यासाठी हे पत्र महत्त्वाचे साधन आहे.

पत्रातील वर्णनानुसार ब्राह्मणापासून परयापर्यंत कोणत्याही जातीच्या वाटसरूला, तसेच जोगी, जंगम, अतीत अशा सर्व पंथांच्या यात्रिकांना छत्रात शिजवलेला भात मिळे. ज्यांना दुसऱ्याच्या हातचे शिजवलेले अन्न चालत नसे, त्यांना तांदूळ, मसाले इत्यादी कोरडा शिधा दिला जाई. वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने येऊन आपला वाटा घ्यावा, असे सुचवले जाई. आजारी वाटसरूला बरे होईपर्यंत औषध व पथ्याचे अन्न देण्याची सोय होती. तान्ह्या मुलांना दूध मिळे. गरोदर स्त्रीची प्रसूती छत्रात झाली, तर तिचा खर्च सरकारातून होई आणि बाळंतपणानंतर काही काळ तिला तेथे राहता येई. अनाथ मुलांना छत्राच्या शिक्षकाच्या हवाली केले जाई. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण मिळे आणि दर चौथ्या दिवशी तेल लावले जाई. मुक्कामी कोणी मरण पावल्यास त्याच्या जातिरिवाजाप्रमाणे अंत्यविधी केला जाई.

या व्यवस्थेत त्या काळातील जातिभेद नाहीसा झालेला नव्हता. शिजवलेले अन्न आणि कोरडा शिधा हा फरक त्याचेच द्योतक होता. तथापि भुकेल्या माणसाला परत पाठवायचे नाही, हा नियम सर्वांना सारखा होता. छत्रे पुढेही राजघराण्याच्या देखरेखीखाली चालू राहिली.

मुदपाकखाना व शरभेंद्र पाकशास्त्र

राजवाड्यातील स्वयंपाकघराला मराठी दरबारी भाषेत मुदपाकखाना म्हणतात. सरफोजींच्या काळी तंजावरच्या राजवाड्यात तीन निरनिराळ्या प्रकारचा स्वयंपाक होत असे. पहिला ब्राह्मणी पद्धतीचा शाकाहारी, दुसरा मराठा पद्धतीचा सामिष आणि तिसरा इंग्रजी. 'शरभेंद्र पाकशास्त्र' या संग्रहात या तिन्ही पद्धतींच्या पाककृती आहेत. हा ग्रंथ सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रकाशित केला आहे.

तिन्ही स्वयंपाक एका राजवाड्यात असण्याची कारणे दरबाराच्या रचनेत सापडतात. सण, श्राद्धे, व्रते आणि ब्राह्मणभोजने यांसाठी सोवळ्यातील शाकाहारी स्वयंपाक अपरिहार्य होता. राजघराणे स्वतः मराठा क्षत्रिय परंपरेचे असल्याने मांसाहारी पदार्थांचे स्वतंत्र घर होते. ब्रिटिश रेसिडेंट, लष्करी अधिकारी, धर्मोपदेशक आणि परदेशी प्रवासी यांची दरबारात नेहमी ये-जा असे. १८०४ मध्ये लॉर्ड व्हॅलेन्शिया आणि १८२६ मध्ये बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी तंजावरला भेट दिली होती. अशा पाहुण्यांच्या सरबराईसाठी इंग्रजी स्वयंपाकाची माहिती उपयोगी होती.

संग्रहाचे खरे महत्त्व त्याच्या लेखी स्वरूपात आहे. त्या काळी पाककला आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे आणि आचाऱ्याकडून शागिर्दाकडे तोंडी जात असे. प्रमाण 'अंदाजाने' आणि काळ 'खमंग वास सुटेपर्यंत' असा सांगितला जाई. त्यामुळे एखादे घराणे विझले की त्याचे पदार्थही विझत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' हे आरंभीच्या छापील मराठी पाकपुस्तकांपैकी एक १८७५ मध्ये निघाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० मध्ये आणि कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. तंजावरच्या दरबारातील पाककृती या सर्वांपूर्वी लेखनात उतरल्या होत्या.

वेगवेगळ्या समाजांच्या पाककृती शेजारी शेजारी ठेवणे, हेही या संग्रहाचे वैशिष्ट्य होय. सरफोजींच्या ग्रंथालयात युरोपीय व भारतीय वैद्यकग्रंथ जसे एका छताखाली आले, तसेच त्यांच्या मुदपाकखान्याच्या नोंदींतही घडले.

आहार व वैद्यक

सरफोजींनी धन्वंतरी महाल नावाची वैद्यकीय संस्था स्थापन केली. आयुर्वेद, सिद्ध, युनानी व पाश्चात्त्य अशा वैद्यकपद्धतींचे जाणकार तेथे काम करीत. माणसांप्रमाणेच जनावरांच्या रोगांवरही औषधे तयार होत. अनुभवास आलेली औषधे तमिळ पद्यांत संग्रहित करण्यात आली. हे संग्रह 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने ओळखले जातात. भारतीय वैद्यकात औषध आणि पथ्य यांची फारकत नाही, त्यामुळे कोणत्या रोगात काय खावे व काय टाळावे हा विचार तेथील चिकित्सेचा भाग होता.

राजांना नेत्रचिकित्सेची विशेष आवड होती. डोळ्यांच्या रोग्यांवरील उपचारांच्या नोंदी आणि रोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे सरस्वती महालात जतन केलेली आहेत. भारतातील रुग्णनोंदींचा हा एक जुना नमुना मानला जातो.

ग्रंथालय, मुद्रण व शिक्षण

तंजावरच्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रह नायक राजांच्या काळापासून होता. सरफोजींनी त्याला आजचे रूप दिले. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन इत्यादी भाषांतील चार हजारांहून अधिक पुस्तके त्यांनी मिळवली. यांपैकी अनेक पुस्तकांवर त्यांची स्वाक्षरी आहे. १८२० ते १८२२ या काळात सुमारे ३,००० लोकांसह त्यांनी काशीयात्रा केली आणि वाटेत व काशीत अनेक संस्कृत हस्तलिखिते मिळवली. या यात्रेचे वर्णन मराठी लावण्यांतही झाले आहे.

१८०५ च्या सुमारास त्यांनी राजवाड्यात देवनागरी छापखाना काढला. त्याचे नाव नवविद्याकलानिधी असे होते. सखण्णा पंडित यांनी केलेला इसापनीतीचा मराठी अनुवाद 'बालबोधमुक्तावली' या नावाने येथे छापला गेला. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे निघाले होते. मराठी मुद्रणाची ही दोन्ही आद्य केंद्रे महाराष्ट्राबाहेर होती, ही बाब लक्षणीय आहे. नवविद्या शिकवणाऱ्या शाळाही सरफोजींनी चालवल्या. जगाचा भूगोल सांगणारे 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाट्यकाव्य त्यांच्या नावावर आहे. तमिळ कुरवंजी प्रकारात भटकी भविष्य सांगणारी स्त्री असते. येथे ती जगातील खंडे व देश यांची माहिती देते.

१८०३ मध्ये त्यांनी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवला. हा जगातील सर्वांत मोठ्या शिलालेखांपैकी एक मानला जातो. कारभार हातून गेल्यानंतर चार वर्षांनी केलेल्या या लेखनात आपल्या कुळाची स्मृती टिकवण्याची धडपड दिसते.

सांबाराची आख्यायिका

सांबार हा दाक्षिणात्य पदार्थ तंजावरच्या मराठा दरबारात जन्मला, अशी आख्यायिका लोकप्रिय आहे. ती कधी कधी सरफोजींच्या नावावरही सांगितली जाते. रूढ कथेनुसार ही घटना व्यंकोजींचे पुत्र शहाजी (राज्यकाळ १६८४–१७१२) यांच्या काळातील आहे. छत्रपती संभाजी महाराज पाहुणे आले असता आमटीसाठी कोकम नव्हते; म्हणून चिंचेचा कोळ वापरला गेला आणि पाहुण्यांच्या नावावरून पदार्थाला सांबार हे नाव पडले, असे ही कथा सांगते.

या कथेला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही. शिवाय तिच्यात काही अडचणी आहेत. कोकम हे मुख्यतः कोकणातील आंबट आहे. पुणे, सुपे, इंदापूर या देशावरील भागात आमटीत चिंच-गूळ घालण्याची रीत सर्वपरिचित आहे; तेव्हा भोसल्यांच्या आचाऱ्यांना चिंच नवीन असण्याचे कारण नव्हते. दुसरे म्हणजे, संस्कृतातील संभार म्हणजे सामग्री या शब्दाशी सांबाराचे नाते जोडता येते. विदर्भात तर आजही कोथिंबिरीला सांबार म्हणतात. म्हणजे नावासाठी एखाद्या व्यक्तीची आवश्यकता राहत नाही. आख्यायिकेतून इतिहास सिद्ध होत नसला, तरी मराठी आमटी व तमिळ कुळंबू यांची तंजावरात देवाणघेवाण झाली, ही लोकस्मृती तिच्यात टिकली आहे.

तंजावरी मराठी खाद्यपरंपरा

आख्यायिकेपेक्षा भक्कम पुरावा रोजच्या जेवणातील शब्दांत मिळतो. तंजावर भागातील 'रसवांगी' हा वांग्याचा रसदार पदार्थ आपल्या नावातच मराठी रस्सा आणि वांगे घेऊन आला आहे. 'पिटले' किंवा 'पिटलै' हा तूरडाळ, कारले किंवा वांगे आणि भाजलेला मसाला यांचा पदार्थ आहे. त्याचे नाव मराठी पिठल्यावरून आले असे मानले जाते, जरी आता त्यात बेसन नसते. उडदाच्या पिठाची दह्यातील 'डांगर पचडी' ही महाराष्ट्रातील डांगराची सख्खी बहीण होय. पुरणपोळी तमिळनाडूत नुसत्या 'पोळी' या नावाने मिठाईच्या दुकानांतही मिळते. बासुंदी हे नावही तेथे रूढ आहे.

या पदार्थांत दोन मुलखांचा संगम दिसतो. ज्वारीच्या भाकरीची जागा भाताने घेतली, शेंगदाण्याच्या कुटाऐवजी ओले खोबरे आले, फोडणीत कढीपत्त्याचे प्रमाण वाढले. बेसनाचे पिठले पातळ होऊन भातावर वाढण्याजोगे झाले. उलट, कोशिंबीर, पुरण आणि डांगर यांनी आपली नावे सोडली नाहीत. दोन्ही प्रांतांच्या स्वयंपाकात आज अविभाज्य वाटणारी मिरची तर मूळची अमेरिका खंडातील असून पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात भारतात आली. कोणत्याही घरचे पारंपरिक जेवण असे अनेक प्रवासांतून घडते, याचे तंजावर हे बोलके उदाहरण आहे.

तंजावरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची बोली 'तंजावरी मराठी' या नावाने ओळखली जाते. तीत जुने मराठी शब्द टिकले आहेत आणि तमिळचा मोठा प्रभाव आहे. अनेक कुटुंबांत लेखन-वाचन तमिळ किंवा इंग्रजीत होऊ लागले. मराठी उरली ती बोलण्यात, देवघरात आणि स्वयंपाकघरात.

कला व अखेरची वर्षे

सरफोजींच्या दरबारात संगीत व नृत्याला मोठा आश्रय होता. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम व वडिवेलु हे चार बंधू याच दरबाराशी संबंधित होते. भरतनाट्यमच्या आजच्या कार्यक्रमाची मांडणी त्यांची मानली जाते. युरोपीय वाद्यांना दरबारात स्थान मिळाले. इंग्रजांनी नेपोलियनवर मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ १८१४ च्या सुमारास त्यांनी समुद्रकिनारी मनोरा नावाची आठ मजली वास्तू बांधली. तिच्यातून कंपनीशी असलेल्या त्यांच्या संबंधांची दुसरी बाजू दिसते: ज्या सत्तेने त्यांचे राज्य घेतले, तिच्याशी मैत्री राखूनच त्यांना आपल्या संस्था चालवाव्या लागल्या.

१८२६ मध्ये भेटीस आलेले बिशप हेबर त्यांच्या विद्वत्तेने प्रभावित झाले. युरोपीय रसायनशास्त्रज्ञ व निसर्गशास्त्रज्ञ यांच्या ग्रंथांशी असलेला राजांचा परिचय पाहून त्यांना आश्चर्य वाटले. १८२८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीने सरफोजींना मानद सदस्यत्व दिले. त्यांना यमुनाबाई व अहिल्याबाई या दोन राण्या होत्या.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजींचे निधन झाले. त्यांच्यामागून पुत्र शिवाजी गादीवर आले. १८५५ मध्ये शिवाजी पुत्रहीन वारले आणि कंपनीने तंजावरचे राज्य खालसा केले. छत्रांचा कारभारही पुढे सरकारकडे गेला.

वारसा

सरफोजींचा ग्रंथसंग्रह १९१८ मध्ये लोकांसाठी खुला झाला. तंजावर महाराजा सरफोजी यांचे सरस्वती महाल ग्रंथालय या नावाने तो आज ओळखला जातो. तेथील मराठी हस्तलिखिते आणि मोडी लिपीतील दरबारी कागदपत्रे हे मराठी भाषा व समाजजीवन यांच्या अभ्यासाचे मोठे साधन आहे. मोडी वाचणारे थोडे असल्याने त्यांपैकी बराच भाग अद्याप अभ्यासकांची वाट पाहत आहे.

पाकशास्त्राच्या बाबतीत त्यांचा वारसा दोन ठिकाणी आढळतो. एक, ग्रंथालयातील संग्रहात. आणि दुसरा, तमिळनाडूतील घराघरांत रोज शिजणाऱ्या रसवांगीत, पिटल्यात व पोळीत. इंदापूर-सुप्याच्या मुलखातून निघालेल्या घराण्याचे राज्य कावेरीकाठी सुमारे १८० वर्षे टिकले आणि संपले. त्या घराण्याबरोबर गेलेली चव मात्र तेथील लोकांनी आपलीशी केली, आणि तिला कोणी परकी मानत नाही.